खर्ची पडलेले रसायन जाते कुठे?

‘रसरत्नसमुच्चय’ या साधारण तेराव्या शतकातल्या ग्रंथात रसशाळा कशी असावी याचा आराखडा दिलेला आहे. भट्टीची कामे आग्नेयेला, दगडी साधनांची दक्षिणेला, धुण्याची कामे पश्चिमेला, वाळवण वायव्येला आणि सिद्ध झालेली द्रव्ये ईशान्येला. पारा, गंधक, हरताळ अशी जहाल द्रव्ये हाताळणाऱ्या माणसांनी प्रत्येक कामाची जागा ठरवून घेतली होती, ही शिस्त आजही घेण्यासारखी आहे. पश्चिमेला धुतलेल्या भांड्यांचे पाणी पुढे कुठे जाणार, हे मात्र त्या आराखड्यात येत नाही. तोळ्या-माशांच्या त्या काळात हा प्रश्न कोणाला पडला नसेल तर नवल नाही. आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या बहुतेक प्रयोगशाळांना तो आजही पडत नाही, याला मात्र कोणतीही सबब नाही.

आज ज्या पद्धतीने रसायनशास्त्र शिकवले जाते ती जगभर पसरली जर्मनीतल्या गिसेन या छोट्या गावातून. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग तिथे प्राध्यापक म्हणून आले आणि पलटणीच्या एका जुन्या पहारेघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पृथक्करण करावे, आकडे वहीत मांडावेत, चुकले तर पुन्हा करावे, हा त्यांचा आग्रह. त्यांचे शिष्य हॉफमन १८४५ मध्ये लंडनला गेले, तिथून ही पद्धत इंग्रजी अमलाबरोबर कलकत्त्याला आणि मुंबईला आली. आपल्याकडच्या आधुनिक रसायनशास्त्राची पहिली मोठी खूण म्हणजे प्रफुल्लचंद्र राय यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात तयार केलेले मर्क्युरस नायट्राइट. ते १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेही पाऱ्याचेच संयुग. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला, १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली, आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत विज्ञान महाविद्यालये झाली. सगळीकडे प्रयोगशाळेचा नकाशा तोच राहिला: लांब ओटा, त्यावर अभिकारकांच्या बाटल्यांची मांडणी, गॅसची शेगडी आणि हाताच्या अंतरावर बेसिन. प्रॅक्टिकलचा शेवट नळाखाली, ही सवय या नकाशातच बांधलेली आहे.

धोका त्या पिढ्यांना ठाऊक नव्हता असे नाही. नायट्रोजन ट्रायक्लोराइड शोधताना ड्यूलाँग यांच्या डोळ्याला आणि हाताला कायमची इजा झाली. आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना बुन्सेन यांचा उजवा डोळा गेला. पण धोका म्हणजे संशोधकाने स्वतःच्या अंगावर घ्यायची गोष्ट, धाडसाचा भाग, असे मानले जात होते. शेजारच्या टेबलावरचा, खालच्या मजल्यावरचा, गटाराच्या टोकाला राहणारा माणूस त्या हिशेबात नव्हता.

हा हिशेब पहिल्यांदा ज्यांनी जाहीरपणे मांडला त्यांतले एक आल्फ्रेड स्टॉक. बोरॉनच्या हायड्राइडांवर मूलभूत काम केलेला हा जर्मन रसायनज्ञ वर्षानुवर्षे डोकेदुखी, चक्कर, नाकातोंडाचे विकार आणि विसरभोळेपणा यांनी बेजार होता. आकडे लक्षात राहत नसत, वाचलेले आठवत नसे. वैद्यांना कारण सापडत नव्हते. १९२४ मध्ये उलगडा झाला: प्रयोगासाठी लागणाऱ्या निर्वात उपकरणांतला पारा वर्षानुवर्षे सांडत होता, फरशीच्या फटींत बसत होता, आणि त्याची वाफ स्टॉक आणि त्यांचे सहकारी दिवसभर श्वासातून घेत होते. १९२६ मध्ये स्टॉक यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला आणि त्यात स्वतःच्या आजाराची लक्षणे एकेक करून नोंदवली. आपली स्मरणशक्ती ढासळली होती हे एका नामवंत शास्त्रज्ञाने व्यवसायबंधूंच्या नियतकालिकात छापून सांगणे ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून त्यांनी ते केले. प्रयोगशाळेच्या सुरक्षेचा इतिहास लिहायचा तर मी त्याचे पहिले पान या लेखाला देईन.

पाऱ्याचा हा धागा पुढे जपानला जातो. मिनामाता गावी चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होता आणि त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरत होता. त्याच प्रक्रियेत तयार होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर खाडीत गेला, मासळीत साठला आणि मासळी खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्थेत पोचला. १९५६ च्या मे महिन्यात आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी कारखान्याने ती प्रक्रिया थांबवली ती १९६८ मध्ये. १९७० मध्ये जपानी संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयीचे चौदा कायदे मार्गी लावले. या घडामोडीचा एक पैलू आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. कारखान्यांकडे बोट दाखवणाऱ्या जपानी विद्यापीठांनी आपल्याही मोऱ्या तपासल्या. टोकियो, क्योतो अशा विद्यापीठांनी १९७० च्या दशकात पर्यावरण केंद्रे उभारली आणि प्रयोगशाळांतली टाकाऊ द्रावणे गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. भांडे विसळल्याचे पहिले पाणी, दुसरे पाणीही डब्यात जमा करायचे आणि त्यानंतरचेच बेसिनमध्ये जाऊ द्यायचे, हा तिथल्या विद्यार्थ्याचा रोजचा पाठ झाला.

अमेरिकेने हा धडा उशिरा आणि महाग घेतला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने १९४० च्या दशकापासून दोन दशके आपला कचरा, प्रयोगशाळांतल्या रसायनांसकट, आवारातच खड्डे करून पुरला. पुढे तिथल्या भूजलात क्लोरोफॉर्म सापडला आणि १९९४ मध्ये ही जागा सर्वाधिक प्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत गेली. १९७६ मध्ये घातक कचऱ्याचा कायदा झाला. रसायने हाताळावी कशी याविषयीचे राष्ट्रीय संशोधन परिषदेचे पुस्तक १९८१ मध्ये आले आणि टाकावी कशी याचे वेगळे पुस्तक १९८३ मध्ये. दोन्ही विषय एका पुस्तकात आले ते १९९५ मध्ये. वापरणे आणि विल्हेवाट लावणे हे एकाच कामाचे दोन भाग आहेत, हे कळायला सर्वांत श्रीमंत देशालाही इतका वेळ लागला.

आणि एवढे होऊनही १९९६ च्या ऑगस्टमध्ये डार्टमथ कॉलेजातल्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे थेंब पडले. त्या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या, धूर खेचणाऱ्या कपाटात काम करत होत्या, हातात लॅटेक्सचे मोजे होते. ते मोजे या द्रवाला काही सेकंदांपलीकडे रोखत नाहीत हे नंतरच्या चाचण्यांत दिसले. १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. ज्ञान, साधने आणि काळजी असूनही हे घडू शकते; मग जिथे यांपैकी काहीच पुरेसे नाही तिथे काय होत असेल?

आता आपल्या प्रयोगशाळेत येऊ. पर्यावरणशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सांडपाण्याची सीओडी काढण्याचे प्रॅक्टिकल असते. पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती प्राणवायू लागेल याचे हे माप. रूढ कृती अशी: फ्लास्कमध्ये २० मिलिलिटर नमुना घ्यायचा, त्यात ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, मग पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण आणि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन तास उकळायचे, थंड करायचे आणि फेरॉइन दर्शक घालून अनुमापन करायचे. निळसर हिरवा रंग विटकरी झाला की ब्युरेटवरचा आकडा जर्नलमध्ये लिहायचा, सरांची सही घ्यायची. मर्क्युरिक सल्फेट घालतात ते क्लोराइडने आकडा बिघडू नये म्हणून. मिनामाताच्या कारखान्यात जे संयुग होते तेच हे. सही झाल्यावर फ्लास्क कुठे रिकामा होतो हे विज्ञान शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा.

याचा हिशेब कोणालाही करता येईल. ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये सुमारे ०.२७ ग्रॅम पारा असतो. कारखान्याच्या सांडपाण्यात पाऱ्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एका फ्लास्कमधला पारा त्या मर्यादेत आणायचा तर २७ हजार लिटर पाणी लागेल. एका बॅचचे दहा फ्लास्क धरले तर दोन लाख ७० हजार लिटर, दहा हजारी टँकरने २७ टँकर. शिवाय ही फक्त पाऱ्याची गोष्ट. त्याच फ्लास्कमध्ये क्रोमियम आहे, चांदी आहे, जळजळीत आम्ल आहे. आणि पाणी ओतून पारा नाहीसा होत नाहीच. तो गाळात बसतो आणि तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात. नदी किती मळली हे मोजण्याचे शिक्षण देताना आपण तिच्यात पारा सोडत असू, तर त्या शिक्षणातले काहीतरी मुळातच राहून गेले आहे.

‘प्रमाण अगदी थोडे असते हो’ हे उत्तर विभागाविभागांत ऐकू येते. कारखान्याच्या तुलनेत ते खरेही आहे. पण कारखान्यात एका जातीचा कचरा टनांनी निघतो आणि त्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते. प्रयोगशाळेत शेकडो जातींचा कचरा मिलिलिटरने निघतो, आणि त्यात काय आहे हे अनेकदा तो करणाऱ्यालाही सांगता येत नाही. घात होतो तो या सरमिसळीतून. नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत कोणी ॲसिटोन ओतले आणि बूच घट्ट लावले की वायू साठत जातो आणि रात्री बाटली फुटते. जुन्या इथरमध्ये हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात आणि झाकण फिरवल्यावरही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक आम्ल ओले असेपर्यंत बरे, सुकले की स्फोटक. सोडियम अझाइड बेसिनमध्ये ओतत राहिले तर शिशाच्या आणि तांब्याच्या नळांत धातूंची स्फोटक अझाइडे साचतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात असे नळ दुरुस्तीच्या वेळी फुटले आणि १९७६ मध्ये सरकारी संस्थेला त्याबद्दल इशारा काढावा लागला. जखमी होण्याची पाळी नळदुरुस्ती करणाऱ्यांवर येते, शोधनिबंध लिहिणाऱ्यांवर नाही. आपल्याकडेही बाटल्या विसळतो तो प्रयोगशाळा परिचर, तुंबलेली मोरी काढतो तो सफाई कामगार. त्यांना बाटलीत काय होते हे कोणी सांगितलेले नसते, आणि बहुतेक वेळा हातात मोजेही नसतात.

या सगळ्याचे मूळ मला भांडार नोंदवहीत दिसते. महाविद्यालयाच्या हिशेबात वस्तूंच्या दोन जाती. उपकरणे आणि फर्निचर डेडस्टॉकमध्ये, रसायने कन्झ्युमेबलमध्ये. कपाटातून बाटली वर्गावर गेली की रसायन खर्ची पडले. ऑडिटरच्या दृष्टीने तिथे त्याची कथा संपली. वस्तुमान नाहीसे होत नाही हे लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले, ते आपण आठवी-नववीतच शिकवतो, आणि त्याच इमारतीतली नोंदवही रोज सांगते की रसायन नाहीसे झाले. किती आले आणि किती वापरले याचे रकाने आहेत. गेले कुठे, याचा रकाना नाही. रकाना नाही म्हणून जबाबदार माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणून पैशाची तरतूद नाही.

डेडस्टॉकचे टोक याहून भयंकर निघू शकते, हे २०१० मध्ये दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ च्या सुमारास कॅनडाहून गॅमा सेल नावाचे उपकरण आणले होते. त्यात कोबाल्ट-६० चा किरणोत्सारी स्रोत होता. ते वापरणारे निवृत्त झाले, १९८५ पासून उपकरण पडून राहिले. २०१० च्या फेब्रुवारीत ते इतर भंगाराबरोबर लिलावात गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. कामगारांनी ते फोडले, शिसे सोलून काढले, आतल्या चकाकत्या धातूचे तुकडे झाले, ते हातोहात फिरले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली: कातडी काळवंडली, केस गळाले, उलट्या थांबेनात. भंगाराच्या दुकानात काम करणारा एक माणूस दगावला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. ४२ वर्षांत तशी आठ उलटली होती आणि मूळच्या किरणोत्साराचा जेमतेम अडीचशेवा हिस्सा शिल्लक होता. तेवढाही माणूस मारायला पुरला.

या घटनेत कोणी दुष्टपणा केला नव्हता, म्हणूनच ती अधिक गंभीर आहे. वस्तू जुनी होती, जागा अडली होती, निर्लेखनाचे प्रस्ताव नियमाप्रमाणे पुढे सरकले असणार. आत काय आहे हे सांगणारा माणूस तेवढा त्या साखळीत नव्हता. पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या उपकरणाची ओळख माणसांच्या आठवणीवर सोपवली होती, आणि माणसे निवृत्त होतात.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम झाले, २००८ आणि २०१६ मध्ये ते नव्याने आले. कचरा नव्वद दिवसांहून अधिक साठवू नये, अधिकृत सुविधेकडेच द्यावा, त्याची वाहतूक मॅनिफेस्टवर व्हावी, हे सगळे त्यांत आहे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा सुविधा चालू आहेत. पण नियमांची पहिली अनुसूची उद्योगांतल्या प्रक्रियांची आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, आणि त्याचा आधार घेऊन विद्यापीठे स्वतःला त्याबाहेरची समजत राहिली. अमेरिकेने २००८ मध्ये शैक्षणिक प्रयोगशाळांसाठी वेगळा नियम केला. विद्यार्थी येत-जात असतात, कचरा थोडा पण नाना जातींचा असतो, हे त्यात मान्य केले आणि वर्षातून एकदा जुनी कपाटे रिकामी करणाऱ्या प्रयोगशाळेला तो कचरा तिच्या एकूण मोजणीत न धरण्याची सवलत दिली. जुन्या बाटल्या बाहेर काढायला भीती वाटू नये, एवढाच त्याचा हेतू. आपल्याला असा नियम हवा आहे.

काम अवघड असते म्हणून ते होत नाही, हेही मला पटत नाही. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले तेव्हा हेच आक्षेप होते. आज तालुक्याच्या लहानशा दवाखान्यातल्या मावशींनाही पिवळ्या पिशवीत काय आणि लाल पिशवीत काय हे पाठ असते आणि ठरल्या दिवशी गाडी येऊन तो कचरा नेते. महाविद्यालयांना मात्र आपण एवढेच करायला लावले की ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेच्या अहवालात सातव्या निकषाखाली घातक रसायनांची व्यवस्था वर्णन करा, छायाचित्रे आणि करारपत्रे जोडा. वर्षभरात किती किलो कचरा निघाला आणि किती किलोची पावती आहे, हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडायला लावले असते तर बरेच काही उघडे पडले असते.

पहिली सुधारणा अभ्यास मंडळांच्या हातात आहे. सीओडीचे प्रॅक्टिकल बंद करू नका. बंद नळीची कृती घ्या. तिच्यात अडीच मिलिलिटर नमुना पुरतो आणि मर्क्युरिक सल्फेट ०.०५ ग्रॅम लागते, रूढ कृतीच्या आठव्या हिश्श्याइतके. क्षारपृथक्करणात शिशाचे आणि क्रोमेटचे नमुने द्यायचेच असतील तर थेंबांच्या प्रमाणात द्या. प्रत्येक प्रयोगाच्या कृतीत शेवटची पायरी छापा: उरलेले द्रावण कोणत्या डब्यात, बाटलीवर नाव काय, तारीख कोणती. क्लोरिनयुक्त द्रावके वेगळ्या डब्यात का, हा प्रश्न व्हायव्हात विचारा; ती जाळायला अधिक तापमानाची भट्टी लागते आणि नीट न जळल्यास डायॉक्सिनसारखी विषे निघतात, हे उत्तर यायला हवे. पन्नास गुणांच्या परीक्षेत पाच गुण या पायरीला ठेवले तर एका वर्षात सवय बदलेल. आपले विद्यार्थी गुणांचा इशारा लगेच ओळखतात.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती एकट्या महाविद्यालयाला झेपणारी नाही. वर्षाला काही किलो कचरा देणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयासाठी तळोजाहून गाडी येणार नाही. इथे विद्यापीठांनी पुढे व्हायला हवे. जिल्हानिहाय संकलन, वर्षातून तीनदा गाडी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने एक सामायिक नोंद आणि खर्च प्रयोगशाळा शुल्कातून किंवा विद्यापीठ निधीतून. रसायने खरेदी करताना त्याच आदेशात विल्हेवाटीची रक्कम धरली तर हा खर्च दरवर्षी नव्याने मागावा लागणार नाही. निर्लेखन समितीवर रसायन आणि किरणोत्सार जाणणारा माणूस असल्याशिवाय प्रयोगशाळेतले कोणतेही उपकरण लिलावात जाऊ नये, आणि परिचरांचे प्रशिक्षण त्यांच्या कामाच्या वेळेत, पगारी, मराठीत व्हावे.

यांतले एक काम येत्या सत्राच्या आधी, कोणाच्याही परवानगीवाचून होऊ शकते. प्रत्येक विभागप्रमुखाने भांडारपालाला आणि परिचराला बरोबर घेऊन मागच्या कपाटातल्या बाटल्यांची यादी करावी. चिठ्ठी उडालेली, झाकणाशी स्फटिक जमलेली, तळाशी सुकलेली बाटली दिसली तर तिला हात न लावता तशीच नोंद करावी आणि जाणकाराला बोलवावे. यादीची एक प्रत प्राचार्यांकडे, एक विद्यापीठाकडे जावी, आणि भांडार नोंदवहीत त्याच दिवसापासून नवा रकाना आखावा: विल्हेवाट, तारीख, पावती क्रमांक, सही.